डेस्कटॉप येईना: परभणीतल्या एका पतसंस्थेच्या कामाच्या नोंदी

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

सकाळी दहा वीसला फोन आला. "सर, पासवर्ड टाकला की नुसतं गोल गोल फिरायलंय. समोर लाइन लागलीय, लवकर या." मी ज्या पतसंस्थेचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो तिथल्या कॅशियर ताईंचा फोन. त्या उगाच फोन करत नाहीत.

रविवार-सोमवार दोन दिवस मराठवाड्यात पावसाने कहर केला. रविवारी रात्री वीज पडली त्यात इथला पहिल्या मजल्यावरचा स्विच (सगळ्या मशिनांच्या केबल जोडणारी पेटी) आणि इंटरनेटचा राउटर दोन्ही गेले. सोमवारी पोळा होता. संध्याकाळी इंटरनेटवाल्यांच्या माणसाने नवा राउटर बसवला आणि मी माझ्याकडे पडून असलेला २४ पोर्टचा मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच लावून दिला. दिवे लागले, नेट आलं, एका मशिनवरून पिंग करून जोडणी तपासली आणि घरी गेलो. एकदा लॉगिन करून बघायला पाहिजे होतं. बघितलं नाही, ही चूक माझी.

ऑफिसात पोचलो तर बाहेर पायरीपर्यंत माणसं. कुणाचा मूग पाण्यात, कुणाचं सोयाबीन. ठेवीतले थोडे पैसे काढायचे आणि लगेच पीक विम्याची तक्रार नोंदवायला जायचं, कारण यंदाच्या, २०२४ च्या नियमाने नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. अशा दिवशी काउंटरवरचं मशीन सहा मिनिटं अडून बसलं तर त्या माणसाचा अर्धा दिवस जातो. हे डोक्यात ठेवूनच काम करायचं, असं सोबतच्या पोराला सांगितलं.

मॅनेजर साहेबांचं म्हणणं एकच, "सर्व्हर बंद करून चालू करा, सगळं नीट होईल." मी नको म्हणालो. सर्व्हर एकच आहे. डोमेन (सगळ्यांची लॉगिनं एका जागी तपासणारी व्यवस्था), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), डीएचसीपी (मशिनांना पत्ते वाटणारी सेवा), फायली, सगळं त्याच्यावर. तो बंद केला तर जी मशिनं आत गेली आहेत त्यांचंही काम थांबणार. आणि बिघाडाच्या ज्या खुणा आत्ता दिसतायत त्या पुसल्या जाणार.

त्याऐवजी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो. एकूण मशिनं ३४, सगळीकडे विंडोज १०. पासवर्ड टाकून एंटर दाबल्यापासून डेस्कटॉपवर क्लिक होईपर्यंतचा वेळ घेतला. काउंटर क्रमांक १ ला ५ मिनिटं ५० सेकंद. त्याच्या शेजारी, फूटभर अंतरावर असलेल्या काउंटर २ ला १ मिनिट ५ सेकंद. कर्ज विभागात दोन मशिनं सहा मिनिटांच्या आसपास, तिसरं मिनिटभरात. वर लेखा विभागात बहुतेकांना दोन ते अडीच मिनिटं. म्हणजे "नेटवर्क स्लो आहे" हे एक वाक्य झालं, पण दुखणी एकापेक्षा जास्त दिसतात. एकाच औषधाने सगळं जाईल असं वाटत नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

आजचा धागा शिपाई मामांनी दिला. कर्ज विभागात ऑगस्टमध्ये एक नवीन मुलगा लागलाय. मामा म्हणाले, "त्या पोराचं तर त्या मशिनवर उघडतच नाही, अन् जुन्या साहेबांचं उशिरा का होईना उघडतंय. असं कामून?"

प्रश्न अगदी नेमका होता. एकदा एखाद्या मशिनवर डोमेनचं लॉगिन झालं की विंडोज त्या माणसाची ओळख स्वतःजवळ जपून ठेवतं. मूळ सेटिंगनुसार शेवटच्या १० लॉगिनची. सर्व्हर सापडला नाही तर बराच वेळ शोधून शेवटी ते त्या जपलेल्या ओळखीवर आत सोडतं. नवा मुलगा त्या मशिनवर पूर्वी कधी बसलाच नव्हता, म्हणून त्याला दारातूनच परत. याचा अर्थ त्या मशिनला डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा आपला सर्व्हर, सापडतच नव्हता. नेटबायॉस आम्ही मागच्या वर्षीच बंद केलंय, त्यामुळे नुसतं ओरडून सर्व्हर शोधायची जुनी वाटही नाही.

त्या मशिनवर आयपीकॉन्फिग (नेटवर्कचं सेटिंग दाखवणारा आदेश) चालवून पूर्ण यादी काढली. पत्ता बरोबर, १९२.१६८.१ च्या रांगेतलाच. पण डीएनएस सर्व्हरच्या जागी ८.८.८.८ (गूगलचा सर्वांसाठी खुला डीएनएस), आणि डीएचसीपी सर्व्हर म्हणून राउटरचा पत्ता. आपला डीएचसीपी सर्व्हर १० क्रमांकावर आहे, राउटर १ वर. जळालेल्या राउटरमध्ये डीएचसीपी बंद केलेलं होतं. नव्या राउटरमध्ये ते कारखान्यातून येतं तसंच चालू राहिलं.

म्हणजे सोमवारपासून एका नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे झाले. मशीन सुरू होताना "मला पत्ता द्या" म्हणून सगळ्यांना हाक मारतं आणि ज्याचा जवाब आधी येईल त्याचं घेतं. सर्व्हरने आधी जवाब दिला तर डीएनएस बरोबर, राउटरने दिला तर चूक. शेजारशेजारच्या दोन काउंटरमध्ये पाच मिनिटांचा फरक इथून आला. आणि एकदा घेतलेला पत्ता मुदतीच्या निम्म्यावर मशीन त्याच सर्व्हरकडून नवा करून घेतं, त्यामुळे चुकलेलं मशीन चुकीलाच चिकटून राहतं.

पोराला इथे थांबवून नीट समजावलं, कारण हे पुढे शंभर वेळा लागणार आहे. घरातल्या कॉम्प्युटरला डीएनएस फक्त वेबसाइटचा पत्ता शोधायला लागतं. ऑफिसातल्या डोमेनमध्ये लॉगिनच डीएनएसवर उभं असतं. "या डोमेनचा कंट्रोलर कोण आणि कुठे?" हे मशीन डीएनएसलाच विचारतं, आणि त्याचं उत्तर एसआरव्ही नावाच्या नोंदीत असतं. ती नोंद फक्त आपल्या सर्व्हरवर आहे. बाहेरच्या ८.८.८.८ ला परभणीतल्या एका पतसंस्थेच्या आतलं नाव कसं ठाऊक असणार? ते "असं नाव नाही" म्हणतं. मशीन पुन्हा विचारतं, थांबतं, पुन्हा विचारतं. मिनिटं तिथे जातात. एनएसलुकअप या डीएनएसला प्रश्न विचारायच्या आदेशाने दोन्हीकडे तीच नोंद विचारून दाखवली. आपल्या सर्व्हरने सर्व्हरचं नाव, पोर्ट ३८९, सगळं सांगितलं. बाहेरच्याने हात वर केले.

राउटरमधलं डीएचसीपी बंद केलं. मग प्रत्येक मशिनवर जाऊन जुना पत्ता सोडला आणि नवा घेतला. ३४ पैकी १३ मशिनं राउटरच्या वाट्याला गेली होती. याखेरीज चार मशिनांवर आणखी एक गोष्ट सापडली. तिथे कुणीतरी हाताने पर्यायी डीएनएस म्हणून ८.८.८.८ भरून ठेवलेलं. "सर्व्हर बंद पडला तर निदान नेट चालावं" असा हेतू असणार. हेतू चांगला, परिणाम वाईट. पहिल्या सर्व्हरला उत्तर द्यायला जरा उशीर झाला की विंडोज दुसऱ्याकडे जातं, दुसरा ठामपणे "नाही" सांगतो, आणि विंडोज ते उत्तर खरं मानतं. डोमेनमधल्या मशिनला बाहेरचा डीएनएस पर्यायी म्हणूनसुद्धा देऊ नये. बाहेरची नावं शोधायची ती सर्व्हरने शोधावीत. त्यासाठी सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर, म्हणजे बाहेरच्या नावांसाठी पुढे कुणाला विचारायचं तो पत्ता, भरला.

संध्याकाळचं मोजमाप: काउंटर १ ला १ मिनिट ८ सेकंद. कॅशियर ताई खूश. पण सोमवारच्या आधी याच मशिनला किती वेळ लागायचा असं विचारलं तर म्हणाल्या, "एक मिनिट लागतंच की सर, दोन वर्षांपासून." म्हणजे दोन वर्षं रोज सकाळी हे मिनिट जात होतं आणि कुणी मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

दिवस फारसा कामी आला नाही. उरलेल्या मिनिटासाठी अँटिव्हायरसवर संशय होता. दोन मशिनांवर तात्पुरता काढून पाहिला, चार सेकंदांचा फरक. पुन्हा बसवला. घड्याळंही तपासली, कारण मशीन आणि सर्व्हर यांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर केर्बेरॉसची (डोमेनमध्ये ओळख पटवायच्या पद्धतीची) तिकिटं नाकारली जातात. सगळी सेकंदभराच्या आत. एका मशिनची बोर्डवरची बटण-बॅटरी संपलेली निघाली, ती बदलली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

अंदाज पुरे झाले, आज थेट इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला. खरं तर कालच उघडायला हवा होता.

काउंटर २ च्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये विनलॉगऑनच्या (विंडोजच्या लॉगिन सांभाळणाऱ्या भागाच्या) ६००५ आणि ६००६ अशा जोडीने नोंदी होत्या. पहिली सांगते की लॉगिनच्या एका टप्प्याला फार वेळ लागतोय, दुसरी तो टप्पा किती सेकंदांत संपला ते सांगते. ४४ सेकंद. मग ग्रुप पॉलिसीच्या (सर्व्हरवरून सगळ्या मशिनांना लागू होणाऱ्या सेटिंगांच्या) ऑपरेशनल लॉगमध्ये शिरलो. तिथे प्रत्येक भाग सुरू झाला की ४०१६ आणि संपला की ५०१६ अशी नोंद पडते, मिलिसेकंदांसकट. सगळे भाग शे-दोनशे मिलिसेकंदांचे. एकच भाग ४२ हजारांच्या वर: ड्राइव्ह मॅप, म्हणजे सर्व्हरवरची फोल्डरं मशिनवर ड्राइव्ह म्हणून जोडणं.

४२ आकडा बघितला आणि लगेच वाटलं, हे २१ दुणे ४२ तर नाही? जो पत्ता अस्तित्वातच नाही त्याच्याशी जोडणी करायला गेलं की विंडोज दर खेपेला वाट दुप्पट करत सुमारे २१ सेकंदांनी नाद सोडतं. लॉगमध्ये २१, ४२, ६३ असे आकडे दिसले की मेलेला पत्ता शोधायला लागावं. वायरशार्क (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून खात्री केली. मशीन आपल्या रांगेबाहेरच्या, ५ च्या रांगेतल्या एका पत्त्यावर पोर्ट ४४५ ला (फाइल शेअरिंगच्या पोर्टला) विचारत होतं, पाकीट राउटरकडे जात होतं आणि तिथेच विरत होतं. जवाब शून्य.

तो पत्ता जुन्या फाइल सर्व्हरचा. दोन वर्षांपूर्वी नवा सर्व्हर आला, जुना भंगारात गेला, फायली हलवल्या, पण पॉलिसीतले दोन ड्राइव्ह, "आर" आणि "एस", तसेच राहिले. सर्व्हर हलवायचं काम तेव्हाच्या दुसऱ्या एका एजन्सीचं होतं. मी त्यांना काय म्हणणार, गेलं वर्षभर ही पॉलिसी माझ्याच ताब्यात आहे. त्यात "लॉगिनच्या आधी नेटवर्कची नेहमी वाट पाहा" हे सेटिंगही चालू असल्यामुळे ड्राइव्हचं काम मागे ढकललं जात नव्हतं. ते संपेपर्यंत डेस्कटॉप अडलेला.

दोन्ही ड्राइव्ह पॉलिसीतून काढले. चालू असलेल्या तीन ड्राइव्हची कृती "रिप्लेस" होती, म्हणजे दर लॉगिनला ड्राइव्ह पाडायचा आणि पुन्हा उभा करायचा. ती "अपडेट" केली. आणि आयपीच्या जागी सर्व्हरचं नाव भरलं, उद्या सर्व्हर बदलला तर एका ठिकाणी नोंद बदलून भागेल.

काउंटर १: १९ सेकंद. काउंटर २: १८.

ताईंनी दोनदा लॉगआउट करून लॉगिन करून बघितलं. काही बोलल्या नाहीत, मग मॅनेजर साहेबांना हाक मारून दाखवलं. मला त्याचं फार बरं वाटलं.

९ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी गणपती बसले, ऑफिस बंद होतं. आज वरच्या मजल्याकडे वळलो. खाली सगळं वीस सेकंदांच्या आत आणि वर अजूनही पाऊण ते सव्वा मिनिट, तेही फक्त सकाळी पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर. दुपारी लॉगआउट करून परत लॉगिन केलं तर झटक्यात.

यात एक गोष्ट उलटी दिसते. लेखा विभागात मार्चमध्ये सहा मशिनांना एसएसडी टाकली. त्याच मशिनांची तक्रार सर्वांत जास्त. जुन्या हार्ड डिस्कवर रखडत चालू होणारं स्कॅनिंगचं मशीन मात्र एकदा चालू झालं की बिनतक्रार. लेखापाल साहेब विचारतात, "पैसे घालून नवीन टाकलं ते हळू, जुनं ते फास्ट, हा कुठला हिशोब?" त्यांना आज उत्तर देता आलं नाही.

सिस्टिम लॉगमध्ये या सहाही मशिनांवर रोज सकाळी नेटलॉगऑन या विंडोजच्या सेवेची ५७१९ नोंद आहे: डोमेन कंट्रोलरशी सुरक्षित जोडणी करता आली नाही. आणि पहिली नोंद ३ तारखेची. त्याआधी एकही नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

घरी महालक्ष्म्या. आज पूजा आणि जेवण, त्यामुळे गेलो नाही. पोराला फक्त एक काम सांगून पाठवलं: लेखा विभागातलं एक मशीन बंद कर, स्विचच्या समोर बसून मशीन चालू करायला लाव, आणि त्या पोर्टचा दिवा कोणत्या रंगाचा किती वेळ राहतो ते मोज.

तीन वाजता त्याचा फोन आला. "सर, आधी नारिंगी राहतोय. बरोबर तीस सेकंद. मंग हिरवा."

जेवणाच्या पंगतीतून उठून त्याला शाबासकी दिली. ५७१९ ची पहिली नोंद ३ तारखेची का, तेही कळलं. तो स्विच मी २ तारखेला लावला होता.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

हे दुखणं स्पॅनिंग ट्रीचं, म्हणजे स्विचमधल्या फेरा टाळणाऱ्या व्यवस्थेचं. मॅनेज्ड स्विचला भीती असते ती फेऱ्याची. चुकून दोन केबल अशा लागल्या की पाकीट गोल फिरत राहील, तर सगळं नेटवर्क बसतं. म्हणून एखाद्या पोर्टवर यंत्र जागं झालं की जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री आधी १५ सेकंद नुसतं ऐकतं, मग १५ सेकंद पत्ते शिकतं, आणि मगच पाकिटं पुढे सोडतं. १५ आणि १५ तीस. जळालेला स्विच साधा होता, त्याला हे काही येत नव्हतं, त्यामुळे केबल लागताच चालू.

आता एसएसडीचं मशीन बारा-पंधरा सेकंदांत लॉगिनच्या पडद्यापर्यंत येतं. तेव्हा पोर्ट अजून बंदच असतो. मशीन पत्ता मागतं, जवाब नाही. सर्व्हर शोधतं, जवाब नाही. मग वाट पाहणं, पुन्हा प्रयत्न. हार्ड डिस्कवालं मशीन दीड मिनिटाने जागं होतं तेव्हा पोर्ट केव्हाचा हिरवा झालेला असतो. लेखापाल साहेबांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: "साहेब, तुमची गाडी वेळेआधी स्टेशनात आली, सिग्नल पडायचा होता." त्यांना पटलं.

मशिनं लागलेल्या १८ पोर्टवर एज पोर्टचं सेटिंग चालू केलं, म्हणजे ते पोर्ट लगेच पाकिटं सोडायला लागतात. खालच्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर ते मुद्दाम चालू केलं नाही. पोराने विचारलं, सगळ्यांनाच का नको? कारण दोन स्विचमधल्या पोर्टवर हे चालू ठेवलं आणि कुणी दुसरी केबल जोडली तर ज्या फेऱ्यापासून वाचायचं तोच होईल. स्पॅनिंग ट्री पूर्ण बंद करणं सोपं होतं, पण या इमारतीत टेबलाखाली कुणी कधी छोटा स्विच आणून लावेल याचा नेम नाही. उलट एज पोर्टवर बीपीडीयू गार्ड चालू केला. तिथे बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला, मग तो तसा स्विच लावल्यामुळे असो की साध्या स्विचने फेरा होऊन आपलाच परत आलेला असो, की तो पोर्ट आपोआप बंद होईल आणि मला कळेल.

लेखा विभाग, सकाळचं पहिलं लॉगिन: उद्या दुसरा शनिवार आणि सोमवारी ईद, म्हणून आजच सगळी मशिनं पूर्ण बंद करून चालू केली. १७ ते २२ सेकंद. एक मशीन सोडून.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटला. सकाळी झेंडावंदनाला गेलो आणि तिथून थेट ऑफिसात. संध्याकाळी गणपती विसर्जन असल्यामुळे दुपारपर्यंतच वेळ होता, पण असा रिकामा दिवस मिळणं कठीण. काउंटर बंद, ग्राहक नाही, सर्व्हरला हात लावायला मोकळीक.

मी, पोरगा आणि शिपाई मामा, तिघांनी मिळून ३४ मशिनं जमेल तितकी एका दमात चालू केली आणि तयार केलेल्या चाचणी खात्याने लॉगिन केलं. सोमवारी सकाळी साडेनऊला जो भार येतो तो उभा करायचा होता. सर्वांत जास्त वेळ ३१ सेकंद. चालेल.

राहिलेलं एक मशीन लेखापाल साहेबांचंच. त्याची जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर उतरलेली. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणून एखादी तार तुटली तरी नेट चालू दिसतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. छतामागे उंदरांनी केबल कुरतडली होती. नवी ओढली, दोन्ही टोकं क्रिम्प केली. शिवाय त्यांचं एकट्याचं प्रोफाइल रोमिंग (सर्व्हरवर साठवलेलं) ठेवलेलं, आणि डेस्कटॉपवर स्कॅन केलेल्या कागदांचा ढीग. दर लॉगिनला त्यातलं जे बदललं ते सर्व्हरवरून उतरायचं. त्यांच्या परवानगीने ढीग सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्ये हलवला, रोमिंग बंद. २० सेकंद.

"नेटवर्कची नेहमी वाट पाहा" हे सेटिंग काढावं का, यावर बराच विचार केला. काढलं तर लॉगिन आणखी दोन-चार सेकंदांनी लवकर होईल, पण ड्राइव्हसारख्या काही पॉलिसींचे बदल लागू व्हायला दोनदा लॉगिन करावं लागेल. पैशाचं ऑफिस आहे. राहू दिलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

आठवडाभराचे आकडे ताईंनीच एका वहीत लिहून ठेवले होते. तारीख, मशीन, सेकंद, स्वतःच्या मोबाइलवर मोजून. मी सांगितलं नव्हतं. सगळे १७ ते २६ च्या मध्ये. वहीचे फोटो काढून फाइलला लावले. यापुढे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ही वही भरली जाईल असं ठरलं.

नव्या राउटरच्या अंगावर मराठीत ठळक पट्टी लावली: "यातलं डीएचसीपी चालू करू नये. बदलण्याआधी फोन करा." इंटरनेटवाल्यांच्या माणसालाही फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, म्हणाला, आणखी दोन ऑफिसांत असंच झालं असेल, बघून येतो.

वीज पडून स्विच गेला ते मूळ काम अजून बाकी आहे. तळमजला ते पहिला मजला तांब्याची केबल आहे आणि ती भिंतीच्या बाहेरून जाते, विजेचा धक्का तिच्यातूनच वर चढला असावा. तिथे फायबर टाकायची, फायबरमधून वीज वाहत नाही. ४० मीटर केबल आणि दोन्ही टोकांना मॉड्यूल, एवढ्याचं कोटेशन दिलं. अर्थिंगचा खड्डाही दाखवून आलो. सध्या पावसाने काळी माती ओली आहे म्हणून टेस्टरवर आकडा बरा येतो, एप्रिल-मेमध्ये हीच माती भेगाळते तेव्हा पुन्हा मोजायचं.

मॅनेजर साहेबांनी फायबरच्या कोटेशनवर सही केली. दसऱ्याच्या आधी ओढून द्यायची आहे. शिपाई मामांनी कोळसा आणि मीठ आणून खड्ड्याशेजारी ठेवलंय.